पडद्यावरचा मजकूर आणि मुखातला शब्द

विद्यार्थ्याने वर्गासमोर एखादा विषय मांडावयाचा तर सोबत आठ-दहा स्लाइड्स हव्यातच, असा परिपाठ आता शाळा-महाविद्यालयांतून रूढ झाला आहे. या प्रकाराला रचना म्हणावे की नुसती सजावट, याविषयी मतभेद संभवतो. परंतु ज्याअर्थी त्यात भाषा आहे, चित्र आहे, श्रोता आहे आणि गुण देणारा परीक्षकही आहे, त्याअर्थी त्याची टीका व्हावयास प्रत्यवाय नसावा. ग्रंथाची, नाटकाची, कीर्तनाचीसुद्धा आपण परखड चिकित्सा करतो. आणि आपली मुले ज्या प्रकारात आठवड्यातून दोनदा बोलतात त्याकडे मात्र दुर्लक्ष करतो, हे आम्हास उचित वाटत नाही.

एका महाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही परीक्षक म्हणून बसलो असता एका विद्यार्थ्याने गोव्यातील खाजन जमिनींचा विषय घेतला होता. विषय उत्तम, मुलाचा अभ्यासही बरा. परंतु पहिल्या स्लाइडचे शीर्षक ‘खाजन’, दुसरीचे ‘प्रस्तावना’, तिसरीचे ‘महत्त्व’. प्रत्येकीवर नऊ-दहा ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यापुढे अर्धेमुर्धे वाक्य. मुलगा श्रोत्यांकडे पाठ फिरवून ती वाक्ये वाचून दाखवू लागला. त्याची दुसरी ओळ होईतो आमची दहावी वाचून झालेली होती. उरलेला वेळ आम्ही त्याची वाट पाहत बसलो. पुढे प्रश्नोत्तरांच्या वेळी तोच मुलगा पडद्याकडे न पाहता, भरतीचे पाणी चढू लागले की मानशीची झडप पाण्याच्या दाबानेच कशी मिटते आणि ओहोटीला कशी उघडते, हे हातवारे करून सांगू लागला, तेव्हा सारी सभा सावरून बसली. त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. स्लाइड्सनी ते झाकून टाकले होते.

डोळ्यांनी एक वाचावे आणि कानांनी तेच ऐकावे, यात लाभ दुप्पट होतो अशी सामान्य समजूत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षे प्रयोग करून याच्या उलट निष्कर्ष काढला. चित्र आणि बोलणे एवढेच असेल तर विषय अधिक चांगला समजतो. त्यात बोलण्याचाच मजकूर लिहून भर घातली तर समजण्यात घट होते, कारण वाचन आणि चित्रदर्शन ही दोन्ही कामे एकट्या डोळ्यांवर पडतात. ज्यांस ऐकू कमी येते किंवा वक्त्याची भाषा परकी आहे त्यांना लिखित शब्दाचा आधार होतो, हा अपवाद न्यायाने मान्य केला पाहिजे. परंतु तो अपवाद पुढे करून प्रत्येक स्लाइड म्हणजे निबंधाचे पान करणे हा युक्तिवाद टिकणारा नाही.

हे साधन मुळात वर्गासाठी निर्माण झालेलेच नव्हते, हेही ध्यानी घेतले पाहिजे. पॉवरपॉइंट हा प्रोग्राम १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी निघाला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्याचे प्रमुख कर्ते; त्यांची फोरथॉट ही छोटी कंपनी त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लक्ष डॉलरांस विकत घेतली. प्रारंभी त्याचे काम कृष्णधवल पारदर्शिका छापून देण्याचे होते आणि त्याचा ग्राहक म्हणजे व्यापारी कचेरीत बैठक घेणारा अधिकारी. आपला माल थोडक्यात पटवून देणे ही त्याची गरज. विद्यार्थ्याची गरज याहून निराळी आहे. त्याला कारण आणि कार्य यांची साखळी जोडून दाखवावयाची असते. ठिपक्यांच्या यादीत पहिली गळते ती हीच साखळी. ‘म्हणून’, ‘तरी’, ‘परंतु’ ही अव्यये वाक्यांना जोडणारी, आणि यादीत त्यांना जागाच नसते. वकिलाच्या कैफियतीतून ही तीन अव्यये काढून टाकली तर मागे काय उरेल, याची कल्पना आम्हास चांगली आहे.

या दोषाची परिणती कोठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण नोंदलेले आहे आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवावे असे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडाले. त्यात सात अंतराळवीर होते. कर्नालच्या कल्पना चावला त्यांपैकी एक. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरचा फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी या आघाताविषयीचे आपले निष्कर्ष नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्सच्या रूपाने ठेवले. त्यांतील एका स्लाइडचे शब्दशः परीक्षण एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने केले आहे.

त्या स्लाइडचे शीर्षक, चाचण्यांचा आढावा घेता उष्णतारोधक टाइलभेदाविषयीचे अंदाज सावधपणाचे दिसतात, अशा आशयाचे आहे. हा सावधपणा गणिती नमुन्याचा. परंतु घाईने वाचणाऱ्यास धोका नाही असेच वाटावे. शीर्षकाखाली एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा असे उपमुद्दे. शीर्षक धरून एकूण सहा पायऱ्या. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द आपल्या रूपांसह पाच वेळा येतो आणि त्याचा नेमका अर्थ एकदाही सांगितलेला नाही. आणि अगदी तळाशी, लहान अक्षरांत, खरी गोष्ट: चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, प्रत्यक्ष आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! ज्या चाचण्यांच्या बळावर शीर्षक दिलासा देते त्या या प्रसंगाला लागूच पडत नाहीत, ही कबुली स्लाइडच्या तळघरात लपलेली. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि सातही जण मृत्यू पावले.

स्लाइडने यान पाडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आम्ही तसे म्हणत नाही. चौकशी मंडळाने भौतिक कारण फेसाचा आघात हेच दिले आणि संस्थेच्या कार्यपद्धतीवर ठपका ठेवला. परंतु त्याच २००३ सालच्या अहवालात मंडळाने टफ्टींचे हे परीक्षण उद्धृत केले, आणि तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइड्सवर विसंबण्याची रीत ही सदोष कार्यपद्धतीचे निदर्शक आहे, असा अभिप्राय दिला. वर्गातल्या मुलाच्या स्लाइडवर कोणाचा प्राण अवलंबून नसतो हे खरे. पण जे अभियंते त्या दिवशी ठिपके लिहीत होते तेही कधीकाळी विद्यार्थीच होते.

आता उपाय काय? पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील मायकेल ॲली यांनी एक पद्धत पुरस्कारिली आहे, ती आम्हास फार पटली. शीर्षक हे नाम नसावे, पूर्ण वाक्य असावे, म्हणजे एक विधान. आणि त्याखाली ठिपके नव्हेत तर त्या विधानाचा पुरावा: चित्र, आकृती, नकाशा किंवा आलेख. वकिलास ही रीत परकी वाटणार नाही. आधी प्रतिपादन, मग दस्तऐवज. आमच्या त्या विद्यार्थ्याने ‘खाजन’ ऐवजी ‘मानशीची झडप भरतीच्या दाबानेच मिटते’ असे लिहून खाली झडपेच्या छेदाची एक आकृती काढली असती, तर उरलेले त्याचे तोंडच सांगते. विसरण्याची भीती असेल तर टिपणाचे कागद हातात ठेवावेत. पडदा श्रोत्यासाठी आहे, वक्त्याच्या स्मरणशक्तीसाठी नव्हे.

आणि यासाठी पेनसिल्व्हेनियाला जाण्याचेही कारण नाही. कुडाळनजीक पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने चित्रकथी ही कला पिढ्यान् पिढ्या जतन केली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा एका संचास पोथी म्हणतात. पण या पोथीत कथा लिहिलेली नसते. कथेकरी एक चित्र उभे करतो, वाद्यांच्या साथीने तो प्रसंग गातो, बोलतो, आणि प्रसंग संपेतो दुसरे चित्र पुढे येत नाही. चित्र बोलत नाही म्हणून त्याला बोलावे लागते. तो बोलतो म्हणून चित्र जिवंत होते. श्रमविभागणीचा याहून स्वच्छ नमुना आमच्या पाहण्यात नाही.

देवनागरीत स्लाइड करणाऱ्यांसाठी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिले पाहिजेत, कारण इंग्रजी पुस्तकांत ते सापडत नाहीत. आपल्या अक्षराला वर वेलांटी व मात्रा, खाली उकार आणि पोटात जोडाक्षरे. त्यामुळे रोमन लिपीस पुरणारा आकार व ओळींमधले अंतर देवनागरीस पुरत नाही. बारीक रेघेची अक्षरे प्रोजेक्टरच्या उजेडात विरून जातात आणि अनुस्वार तर पहिला नाहीसा होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचा अगम्य गोंधळ होतो. मुक्त किंवा नोटो यांसारखा युनिकोड फॉन्ट वापरावा आणि सोबत पीडीएफ प्रत बाळगावी. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरे बरी. उडत येणारी, गिरक्या घेणारी अक्षरे मात्र कोठेच बरी नव्हेत.

शेवटची तक्रार ‘धन्यवाद’ या स्लाइडची. प्रश्नोत्तरांचा सारा वेळ, म्हणजे सभा सर्वांत जागी असताना, पडद्यावर फुलांच्या चौकटीतला हा एकच शब्द लटकत राहतो. आभार तोंडाने मानावेत. आणि त्या जागी ज्या आकृतीविषयी प्रश्न येण्याचा संभव अधिक, ती पुन्हा लावून ठेवावी. खाजनाच्या प्रसंगी तेथे मानशीचा छेद असता, तर त्या मुलाला हातवारे करावे लागले नसते.