‘राकुंड्रा’वरील भंडारी

आर्थर रॅन्सम (१८८४–१९६७) या इंग्रज लेखकाचे ‘राकुंड्राज फर्स्ट क्रूझ’ हे पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध झाले. त्याचे कथानक अगदी अल्प आहे. सुमारे तीस फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची ‘राकुंड्रा’ ही नौका १९२२ च्या ऑगस्टमध्ये रीगाहून निघते. रूनो बेटाला लागते. एस्टोनियाच्या बेटांमधील उथळ सामुद्रधुनीतून वाट काढीत बाल्टिक पोर्ट व रेव्हाल (आजचे टालिन) ही बंदरे घेते. तेथून आखात ओलांडून हेलसिंगफोर्सला, म्हणजे हेलसिंकीला, जाते आणि सप्टेंबर सरता सरता माघारी येते. ज्यांना समुद्रप्रवास म्हणताच महासागर आठवतो, त्यांना हा प्रवास म्हणजे अंगणातील येरझारा वाटावा. रेव्हाल ते हेलसिंकी हे अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर भरते. तथापि नौकाविहाराच्या वाङ्मयात या लहानशा पुस्तकाने जे स्थान मिळविले, ते पुष्कळ पृथ्वीप्रदक्षिणांच्या वाट्याला आलेले नाही.

नौकेवर माणसे तीनच. एक मालक, म्हणजे निवेदक. दुसरा वयोवृद्ध खलाशी. ‘थर्मोपिली’ या नामांकित चहावाहू जहाजावर त्याने तारुण्यात काम केलेले, आणि कोलरिजच्या काव्यातील वृद्ध नाविकाचे बिरुद निवेदकाने त्याला बहाल केलेले. तिसरी व्यक्ती स्त्री आहे. तिचा उल्लेख आद्यंत ‘कुक’ एवढाच होतो. तिला नाव नाही, पूर्वचरित्र नाही, आणि निवेदकाशी तिचे नाते काय याचा खुलासाही नाही.

मराठी वाचकाला यात प्रथमदर्शनी काही वावगे वाटणार नाही. पत्नीचे नाव न उच्चारणे हा आपल्याकडे कालपरवापर्यंतचा शिष्टाचार होता. ‘आमची मंडळी’ म्हटले की काम भागे. परंतु येथे प्रकार नेमका उलटा आहे. आपल्याकडे पत्नी असल्यामुळे नाव घेतले जात नसे. रॅन्समला ते घेता आले नाही, कारण ती पत्नी नव्हती. येव्गेनिया शेलेपिना ही क्रांतिकाळात ट्रॉट्स्कीच्या कार्यालयात सचिव होती. वार्ताहर म्हणून रशियात असलेल्या रॅन्समची तिच्याशी तेथेच ओळख झाली आणि १९१९ मध्ये ती दोघे एस्टोनियात आली. रॅन्समचा पहिला विवाह १९२४ पर्यंत कायदेशीररीत्या संपुष्टात आला नव्हता. ‘मँचेस्टर गार्डियन’चा बातमीदार अविवाहित सहचारिणीसह राहतो, आणि ती सहचारिणी ट्रॉट्स्कीची सचिव होती, हे १९२३ च्या इंग्लंडात छापील पानावर मांडणे सोपे नव्हते.

या पुस्तकाचे आजवर दोन प्रकारे वाचन होत आले आहे. नौकाविहारी मंडळी ते वारे, नांगर आणि उथळ पाणी यांचे मार्गदर्शक म्हणून वाचतात. रॅन्समविषयीची ब्रिटिश गुप्तचर खात्याची कागदपत्रे २००५ मध्ये खुली झाल्यावर दुसरे वाचन बळावले: ज्याला खात्याने एका क्रमांकाखाली हेर म्हणून नोंदविले होते, त्याची बाल्टिकमधील भ्रमंती निर्हेतुक कशी असेल? पहिले वाचन अपुरे आहे. दुसरे आकर्षक असले तरी त्याला पुस्तकाच्या संहितेत आधार मिळत नाही. रॅन्समला लपवायचे होते ते एवढेच की ही एका जोडप्याची सफर आहे. १९२० मध्ये अठरा फुटांची उघडी होडी, पुढील वर्षी तिच्याहूनही आखूड पण छोटी खोली असलेली दुसरी, आणि मग ‘राकुंड्रा’: १९२४ पर्यंतचे पाच उन्हाळे या दोघांनी याच किनाऱ्यावर घालविले. त्या सहजीवनाचा एक भाग ग्रंथात उतरला, पण त्यातील सहजीवन हा शब्द तेवढा खोडलेला राहिला.

खरा वाङ्मयीन प्रश्न या खोडण्याने काय साधले, हा आहे. येथे अनुवादाचा एक मुद्दा उपयोगी पडेल. ‘कुक’चे भाषांतर ‘स्वयंपाकीण’ असे केले, तर ती घरकामाला ठेवलेली बाई होते, आणि पुस्तकाचा तोलच जातो. आपल्या खलाशांच्या बोलीत जहाजावर रांधणाऱ्याला ‘भंडारी’ म्हणत. तो शब्द येथे चपखल बसतो. भंडारी हा तांडेलासारखाच जहाजावरचा एक हुद्दा आहे, आणि हुद्द्याला जात्याच प्रतिष्ठा असते. हेलकावणाऱ्या नौकेत स्टोव्ह पेटता ठेवणे, शिधा पुरविणे आणि वेळ पडली की सुकाणू धरणे, एवढ्यावरच ही व्यक्तिरेखा उभी राहते. निवेदक तिच्या स्वभावाचे वर्णन करीत नाही. तिच्या हातचे काम दाखवितो. जोडप्यांच्या प्रवासवर्णनांत लाडिक थट्टेचा जो पाक हमखास उतू जातो, त्यापासून हे पुस्तक सुटले आहे ते या सक्तीच्या संयमामुळेच.

हीच युक्ती पुढे रॅन्समच्या बालकादंबऱ्यांचा कणा बनली. ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’ (१९३०) मधील चार भावंडे होडीत पाऊल ठेवताच कप्तान, मेट, खलाशी व जहाजावरचा पोऱ्या होतात. त्यांतील सूझन रांधते, सर्वांना वेळेवर झोपविते, आणि ही कामे मेटच्या अधिकाराने करते. तिची वंशावळ ‘राकुंड्रा’च्या चुलीपाशी शोधावी लागते. वृद्ध खलाशाचा ‘पीटर डक’ (१९३२) झाला, हे समीक्षकांनी वारंवार सांगितले आहे. भंडाऱ्याचे काय झाले, याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले.

अर्थात कलेला झालेला लाभ दाखविल्याने अन्याय पुसला जात नाही. वृद्ध खलाशाला निदान तारुण्यातील जहाजांच्या आठवणी मिळाल्या आहेत. येव्गेनियाने पेट्रोग्राडमध्ये काय पाहिले, जन्मभूमीच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर नौका हाकताना तिला काय वाटले असेल, यातील एक अक्षरही पुस्तकात नाही. आणि ज्याला ते लिहिता आले असते तो लेखक दोन हातांवर बसलेला होता. रूनोवरील स्वीडिश भाषिक बेटकऱ्यांविषयी तो आस्थेने लिहितो. ते जवळजवळ सर्व लोक १९४४ मध्ये स्वीडनला निघून गेल्यामुळे त्या प्रकरणाला आज दस्तऐवजाचे मोल आले आहे. तसे मोल येणारी आणखी एक व्यक्ती नौकेवरच होती.

८ मे १९२४ रोजी रेव्हाल येथील ब्रिटिश वकिलातीत दोघांचा विवाह झाला. त्या उन्हाळ्यातील तिसऱ्या सफरीचे लेखन मात्र रॅन्समच्या हयातीत ग्रंथरूपाने आले नाही. ते २००२ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर, प्रकाशित झाले. नौका १९२५ मध्ये ॲडलार्ड कोल्स यांना विकली गेली. ती विकताना रॅन्समने अट घातली की ‘राकुंड्रा’ हे नाव तिच्यासोबत जाणार नाही. आणि कोल्स यांच्या ‘क्लोज हॉल्ड’ (१९२६) या पुस्तकात ती दुसऱ्याच नावाने इंग्लंडच्या वाटेला लागते.