समईमागचा काळोख

मंडळी, आपल्या मंडळाच्या वीसेक वर्षांपूर्वीच्या स्मरणिका घरात कुठे असतील तर एकदा काढून पाहा. फ्लॅशने पांढरेफटक पडलेले चेहरे, लाल डोळे, आणि मागे मखर कुठे आहे त्याचा पत्ता नाही! यंदा छापण्यासाठी आलेले फोटो त्या मानाने दृष्ट लागावी इतके स्वच्छ आहेत. पण पंचवीस-तीस फोटो लागोपाठ पाहिले, की ते सगळे एकाच घरात, एकाच ढगाळ दुपारी काढल्यासारखे वाटू लागतात. शाळेच्या जिममधली आरती असो की कोकणातलं माजघर, उजेड सगळीकडे सारखाच पसरलेला. हा फोनमधल्या एचडीआरचा प्रताप.

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. दृश्यातला सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग यांच्यातलं अंतर मोठं असलं, की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत. ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. 1850 च्या दशकात फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे याने समुद्राचे फोटो करताना पाण्याची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी, अशा दोन एकत्र छापून तिच्यावर तोड काढली होती. 2010 मध्ये आयफोन 4 वर ही सोय आली तेव्हा कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो जोडले जात, आणि ती चालू करायची की नाही हे आपल्या हातात होतं. 2013 च्या नेक्सस 5 पासून गूगलने वेगळा रस्ता धरला. मुद्दाम कमी उजेडाच्या अनेक फ्रेम्स भराभर घ्यायच्या, एकावर एक बसवायच्या, आणि मग सावल्या हिशेबाने वर उचलायच्या. आज बहुतेक फोन हे सगळं न विचारताच करतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ही जुनी खोड: ग्राहकाला काय हवं ते आधी आपणच ठरवून टाकायचं!

आता या फोटोंकडे वळू. एकात नऊवारी नेसलेली आजी स्वयंपाकघराच्या काचेच्या दारापाशी नातवाला भरवते आहे आणि बाहेर बर्फाने भरलेलं अंगण आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात इथे आजीची नुसती काळी आकृती उरली असती, नाहीतर अंगण तरी गायब झालं असतं. इथे लुगड्याचा काठही दिसतो आणि कुंपणावरचा बर्फही. भारतातून पहिल्यांदाच आलेल्या आजीचं परकेपण आणि तिचा घरगुतीपणा, दोन्ही एका चौकटीत मावले ते एचडीआरमुळे. या फोटोला पैकीच्या पैकी.

दुसरा फोटो गावच्या देवघराचा. तिन्हीसांजेची वेळ, समई लावलेली. फोटोत काय दिसतं? भिंतीचे पोपडे, कोनाड्यातली तेलाची बाटली, विजेची वायर, आणि या पसाऱ्यात कुठेतरी एक पिवळट ठिपका. तो ठिपका म्हणजे ज्योत. कागदाला पांढऱ्याहून जास्त उजळ होता येत नाही. त्यावर ज्योत तेवताना दिसते ती मागच्या काळोखाच्या जिवावर. फोनने भिंत उजळली आणि ज्योत मंदावली. नवे फोन फोटोबरोबर जादा उजेडाची माहितीही साठवतात, त्यामुळे चांगल्या पडद्यावर ज्योत झळाळते हे खरं; पण छापताना ती झळाळी गळून पडते.

हा नुसता तांत्रिक किंवा आवडीनिवडीचा प्रश्न मला वाटत नाही. इथे वाढणारी आपली मुलं ते घर बहुतेक फोटोंतूनच ओळखतात. माजघरात पाऊल टाकल्यावर डोळे सरावायला लागणारा वेळ, देवाजवळच तेवढा उजेड आणि बाकी घर अंधारात, हे त्यांना कुठून कळणार? त्यांच्या दृष्टीने आजोळ म्हणजे ट्यूबलाइट लावलेली एक जुनाट खोली.

चेहऱ्यांचंही तेच. सावल्या उचलताना सावळी कांतीही फिकट होते, आणि गालाची, कपाळाची घडण सपाट होऊन जाते. फोनवाल्यांना हे ठाऊक नाही असं नाही. गडद वर्णाच्या माणसांना कॅमेऱ्यांनी नीट न्याय दिलेला नाही हे मान्य करूनच गूगलने 2021 च्या पिक्सेल 6 बरोबर ‘रिअल टोन’ आणलं. तरीही आपल्याकडे उजळ फोटो दिसला की “छान आलाय हं!” हे ठरलेलंच. तो दोष फोनचा नाही.

येत्या दिवाळीत एवढं करून पाहा. पणतीच्या किंवा समईच्या ज्योतीवर टॅप करा. बहुतेक फोनवर शेजारी उजेड कमी-जास्त करण्याची पट्टी येते, ती खाली ओढा आणि मागची भिंत खुशाल काळी होऊ द्या. 2019 च्या पिक्सेल 4 पासून त्या फोनांवर सावल्यांसाठी वेगळी पट्टी आहे, तीही खाली घ्या. नाईट मोड आपोआप चालू होत असेल तर बंद करा. आणि फोटो स्मरणिकेकडे धाडण्याआधी ‘ऑटो’ची जादूची कांडी फिरवू नका; ती तोच काळोख पुन्हा पुसून टाकते.