दिंडीतील सहगायन आणि समाजैक्याची कसोटी

अभंग हा अनेकांनी मिळून म्हणावयाचा प्रकार आहे, हे तत्त्वतः कोणी नाकारीत नाही. तथापि मराठी समीक्षेने त्याचा विचार प्रामुख्याने शब्दार्थाच्या अंगानेच केला आहे. त्याच्या सामुदायिक गायनाचे नेमके मोल कोणते, या प्रश्नाच्या विवेचनास सातारा जिल्ह्यातील परंपरा विशेष उपयुक्त ठरते. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीसोहळ्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिस्तबद्ध रूप दिले, ते याच जिल्ह्यातील आरफळच्या हैबतबाबांनी. आणि नीरा ओलांडल्यावर लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने तो सोहळा आजही जातो.

दिंडीत विणेकरी, पखवाजी व टाळकरी यांची स्थाने ठरलेली असतात. चाल जाणणारा चरण उचलतो. ध्रुपद मात्र सर्वांचे असते. चालीतील बारकावे ज्याला साधत नाहीत, त्यालाही ध्रुपद आणि टाळ यांत निःसंकोच सामील होता येते. कागदावर कंटाळवाणी भासणारी ध्रुपदाची पुनरावृत्ती हा येथे दोष नसून नवख्यासाठी मुद्दाम उघडे ठेवलेले दार होय. टॉमस ट्युरिनो यांनी 'म्युझिक अॅज सोशल लाइफ' (२००८) या ग्रंथात सहभागप्रधान आणि प्रयोगप्रधान संगीत असा जो भेद केला आहे, त्यातील पहिल्या प्रकाराचे हे उत्तम उदाहरण ठरेल. अशा संगीताचे यश श्रोत्याच्या रंजनावर नव्हे, तर किती जण आणि किती उत्कटतेने त्यात उतरले यावर मोजावे लागते.

परंतु एवढ्यावरून सहगायन म्हणजेच समता, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' या लेखात इरावती कर्वे यांनी वारीतील आपल्या दिंडीचे चित्र रेखाटले आहे. तीत ब्राह्मण आणि मराठे वाटेने एकत्र भजन करीत चालत. जेवणाची वेळ येताच मात्र त्यांच्या पंगती वेगळ्या होत. म्हणजे स्वर मिळाला, तरी अन्नव्यवहार तसाच राहिला.

याच्या उलट उदाहरणही याच जिल्ह्यात सापडते. १९२० च्या सुमारास साताऱ्याच्या गावोगाव सत्यशोधक जलसे होत असत. तमाशाच्या बाजाने उभ्या राहिलेल्या या जलशांत सादर करणारे आणि ऐकणारे वेगळे असत; ट्युरिनो यांच्या परिभाषेत हा प्रयोगप्रधान प्रकार होय. पण जातिभेदाविषयी उघड प्रश्न विचारला तो या जलशांनी. दिंडीने सर्वांना गाऊ दिले, पण पंगतीविषयी मौन पाळले. जलशाने गावकऱ्यांस श्रोते म्हणून बसविले, पण पंगतीचा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला.

तात्पर्य, सहभागाची व्याप्ती आणि समतेची व्याप्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली दुसरीस अनुकूल भूमी तयार करू शकते, तिची जागा घेऊ शकत नाही. ग्रामीण भजनाचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच केवळ अभंगांची यादी अथवा चालींचे स्वरलेखन करून थांबू नये. वीणा कोणाच्या गळ्यात असते, चरण कोण उचलतो, ध्रुपदात कोणाला जागा मिळते आणि भजन संपल्यावर कोण कोणाशेजारी जेवावयास बसतो, हेही त्याने तितक्याच काटेकोरपणे नोंदविले पाहिजे.