तारांकन आणि कृषिपंप : ऊर्जाबचतीच्या धोरणसाधनांची एक चिकित्सा

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. तेव्हापासून भारतात नियामक, आर्थिक व माहितीपर अशी तिन्ही प्रकारची धोरणसाधने ऊर्जाबचतीसाठी वापरली गेली. त्यांचे यश बहुधा वाचलेल्या युनिटांत मोजले जाते. ती बचत कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न मात्र दुय्यम ठरतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कृषिपंपाच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

२००६ मध्ये सुरू झालेली तारांकन योजना हे माहितीपर साधनाचे ठळक उदाहरण होय. आरंभी ऐच्छिक असलेली ही योजना २०१० पासून काही उपकरणांना सक्तीची झाली. शहरी ग्राहक पंचतारांकित फ्रीजसाठी जादा किंमत मोजतो, कारण दरमहाचे बिल तोच भरतो. २०१५ च्या उजाला योजनेने वेगळा मार्ग धरला. घाऊक खरेदीमुळे एलईडी दिव्याची खरेदी किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. येथे प्रबोधनाची फारशी गरजच उरली नाही.

कृषिपंपाजवळ हा हिशेब मोडतो. राज्यातील असंख्य पंपांना मीटर नव्हते. आकारणी अश्वशक्तीवर होई. पंप किती तास चालला याचा बिलाशी संबंध नसल्यास कार्यक्षम पंपासाठी जादा पैसे मोजण्याचे शेतकऱ्यास कारण नाही. उलट, प्रत्यक्षात अधिक शक्तीची पण पाटीवर कमी अश्वशक्ती दाखविणारी मोटार त्याला परवडते. कमी दाबाने मोटार जळते, ती गावातच पुन्हा भरली जाते आणि प्रत्येक भरणीगणिक तिची कार्यक्षमता घटण्याचा संभव असतो. लाईट रात्री येते म्हणून ऑटो स्विच लावला जातो. मग वीज येताच डीपीवरील सर्व पंप एकदम सुरू होतात, दाब आणखी कोसळतो आणि कधी डीपीच जळते. ऐन हंगामात पीक वाळत असताना शेतकऱ्याने केलेली ही निवड अज्ञानातून येते, असे मानणे अन्यायाचे आहे. त्याच्या परिस्थितीत ती पूर्णतः तर्कसंगत आहे.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरात ब्युरोने राबविलेला पंपबदलाचा प्रायोगिक प्रकल्प म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. पंपाचा खर्च शेतकऱ्यावर न टाकता बचतीतून तो वसूल करावा, हे त्याचे सूत्र होते. मात्र मीटरच नसेल तर बचत सिद्ध कशी करावयाची, ही अडचण या सूत्राच्या मुळाशीच आहे.

२०२४ मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने दराचा उरलासुरला संकेतही त्यामुळे संपला. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळू लागल्यास ऑटो स्विचचे कारण काही अंशी दूर होईल. जुना पंप मात्र तोच राहील. मोफत विजेचा भार शासन उचलत असल्याने पंप बदलण्यात आता खरा आर्थिक लाभ शासनाचाच आहे. म्हणून तारांकित पंपाची किंमतही शासनाने अनुदानाच्या त्याच रकमेतून द्यावी आणि बचतीची मोजणी शेतावर न करता कृषिवाहिनीच्या मीटरवर करावी. अर्थात डीपीची क्षमता त्याआधी वाढवावी लागेल, अन्यथा नवा पंपही पहिल्याच उन्हाळ्यात भरणीला जाईल.