केसावर फुगे, पण 'इकस' कुठे गेलं?

'केसावर फुगे' म्हणजे केसांवर बांधलेले फुगे नव्हेत. हे आधी सांगून टाकू, कारण रील्सवर नाचणाऱ्या निम्म्या जनतेला तसंच वाटत असणार. गावात फेरीवाला यायचा. विंचरताना गळालेले, गुंडाळी करून कोनाड्यात जपून ठेवलेले केस बायका त्याला द्यायच्या आणि बदल्यात पोरांना फुगे मिळायचे. केसांच्या मोबदल्यात फुगे. सचिन कुमावत यांच्याकडून आलेल्या 'बबल्या इकस केसावर फुगे' या अहिराणी गाण्याच्या नुसत्या नावातच हा अख्खा व्यवहार आहे, आणि तो ज्या शब्दावर उभा आहे तो शब्द म्हणजे 'इकस'. इकस म्हणजे विकतो. करस, जास, देखस, इकस: अहिराणीचं क्रियापद असं 'स'वर येऊन टेकतं. प्रमाण मराठी कानाला इथंच कळतं की ही आपली नेहमीची मराठी नाही.

आता हेच गाणं वरातीत, डीजेवर कसं वाजतं ते पाहा. धुळ्याचा आग्रा रोड घ्या नाहीतर जळगावचा टॉवर चौक. साधारण कृती ठरलेली आहे. आधी सायरन, मग डीजेचं नाव घोगऱ्या आवाजात, मग हुकचा शेवटचा तुकडा कापून तीन-चार वेळा अडखळवायचा, आणि बीट पडला की शब्द संपले. खाली हलगीचा नाहीतर संबळाचा तयार लूप. एफएल स्टुडिओमध्ये हे एका दुपारचं काम आहे. एका दुपारचं आहे म्हणून ते वाईट, असं मी म्हणत नाही. काही मिक्स खरोखर भन्नाट असतात. बीट पडण्याआधीची ती अर्ध्या सेकंदाची शांतता ज्याला नेमकी जमते, त्याला लय कळते. माझी तक्रार वेगळी आहे. अडखळवायला निवडला जातो तो 'फुगे', आणि कापला जातो तो 'इकस'. म्हणजे जो शब्द सगळ्या महाराष्ट्राला आधीच माहीत आहे तो दहा वेळा, आणि जो फक्त खानदेशाचा आहे तो एकदाही नाही.

यात ध्वनीचाही भाग आहे. 'स' आणि 'श' हे फुत्कारणारे आवाज. त्यांची बरीचशी ताकद चार हजार हर्ट्झच्या वर असते. डीजेच्या भिंतीतले मोठे बेस शंभर हर्ट्झच्या खालचं काम करतात, आणि तोच आवाज चार गल्ल्या ओलांडून तुमच्या खिडकीची काच हलवतो. वरचे बारीक आवाज थोड्या अंतरावरच विरतात. जवळ उभं राहिलात तरी सायरन आणि टाळ्यांचे लूप त्यांची जागा आधीच खाऊन बसलेले असतात. म्हणजे अहिराणीचं व्याकरण ज्या ध्वनीत आहे, तोच या भिंतीसमोर पहिल्यांदा मरतो. गंमत अशी की मोबाइलच्या स्पीकरवर उलटं होतं. त्याला बेस झेपत नाही, पण 'शे' आणि 'इकस' स्वच्छ ऐकू येतात. ज्या फोनच्या टिनपाट आवाजाला आपण नावं ठेवतो, तो लाखो रुपयांच्या सेटअपपेक्षा चांगली अहिराणी बोलतो!

डीजेवरचा वाद मात्र कायम डेसिबलचा असतो. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा. ती मोडली की गुन्हा, बातमी, आणि पुढच्या वरातीत पुन्हा तेच. मर्यादा हवीच. पण वाजतंय काय, यावर कुणी चार ओळी लिहीत नाही. मोठ्या आवाजावर टीका करणं सोपं असतं, कारण त्यासाठी गाणं ऐकावं लागत नाही.

बँडच्या गाडीची गोष्ट वेगळी होती. तिथंही वीजच वाजत होती: की-बोर्ड, ऑक्टोपॅड, कर्कश भोंगे. पण ऑक्टोपॅडवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवायचा. पोरं दमली की ठेका सैल, नवरदेवाचे मित्र घुसले की चढा. गाणारा मध्येच नवरदेवाच्या मामाचं नाव ओवायचा, तेही अहिराणीत. फाइल मामाला ओळखत नाही.

तरीही लॅपटॉपवाल्याला खलनायक करणं मला पटत नाही, कारण याच स्वस्त साधनांनी अहिराणीला गाणी दिली आहेत. २०११च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली १८ लाखांहून अधिक माणसं नोंदली गेली. एवढ्या लोकांच्या भाषेतलं गाणं विनोद कुमावत यांच्या 'हाई झुमका वाली पोर'सारखं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं जातं, ते कुठल्या मोठ्या कंपनीच्या मेहेरबानीनं नव्हे. इथंही तोच घोळ आहेच. 'हाई' म्हणजे 'ही'. बाहेरचे बहुतेक त्याला 'हाय' समजतात. समजू देत. चुकीचं ऐकूनही गाणं आवडू शकतं. पण खानदेशातल्याच वरातीत ते चुकीचं ऐकू यावं, याला काय म्हणायचं?

आणि आता तर सबबही उरलेली नाही. पूर्वी तयार गाण्यातून आवाज वेगळा काढता येत नसे, म्हणून त्याच्यावरच बीट थापावा लागायचा. २०१९मध्ये डीझरनं स्प्लीटर हे साधन सगळ्यांना खुलं केलं, त्यानंतर व्हर्च्युअल डीजेसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाजता वाजता गायकाचा आवाज आणि वाद्यं वेगळी करायची सोय आली. म्हणजे बीट थांबवून आठ मात्रा नुसता आवाज सोडता येतो. अख्खा आखाडा 'इकस' म्हणेल आणि मग बीट पडेल. नाचही वाढेल, कमी होणार नाही.

नावांचंही तसंच. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलंडच्या मशीनवर दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी कुणी विचारली नाही. २०१० साली एका डच लेबलनं ती पुन्हा काढली तेव्हा जग चक्रावलं, कारण हे संगीत अ‍ॅसिड हाउसच्या आधीचं वाटत होतं. हा शोध लागू शकला, कारण कव्हरवर वाजवणाऱ्याचं नाव होतं. आपल्या मिक्समध्ये दर अर्ध्या मिनिटाला नाव येतं ते डीजेचं. गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं नाव फाइलच्या नावातही नसतं. पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर जाणाऱ्या या गाण्यांचा माग तीस वर्षांनी कुणी काढायला बसला, तर त्याच्या हाती फक्त सायरन लागेल.

यंदा श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत डेक कुणाकडे आहे ते बघा, आणि ओळखीचा असेल तर त्याला एवढंच सांगा: भो, आठ मात्रा बेस बंद ठेव.