मराठी गूढकथेचे प्रकाशन आणि समीक्षेची जबाबदारी : छोटे प्रकाशक, वाचनालये व पुनर्मुद्रणे यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठी कथेच्या इतिहासात नवकथा, ग्रामीण कथा, दलित कथा यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या तुलनेत गूढकथा आणि भयकथा हे प्रकार ‘रंजनपर साहित्य’ या एका शब्दात आटोपले जातात. अशा वर्गीकरणात दोष केवळ अभिरुचीचा नसतो. जे साहित्य रंजनपर ठरते त्याची सूची होत नाही, त्याच्या आवृत्त्या जपल्या जात नाहीत आणि कालांतराने त्याचा इतिहास लिहिणे अशक्य होते. अलीकडच्या काळात नारायण धारप, रत्नाकर मतकरी, बाबूराव अर्नाळकर यांची पुस्तके नव्या रूपात वाचकांसमोर आली आहेत. ही घटना स्वागतार्ह आहे. तथापि या पुनर्मुद्रणांकडून समीक्षेने काय मागावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील वाचनसंस्कृतीचा संदर्भ त्यासाठी घेतला आहे.

नियतकालिकाने घडविलेला कथाप्रकार

मराठीत अद्भुत व भयप्रद कथेला हक्काचे व्यासपीठ दिले ते एका कुटुंबाने चालविलेल्या नियतकालिकांनी. अनंत अंतरकर (१९११-१९६६) यांनी १९४६ मध्ये ‘हंस’ सुरू केले. ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही त्यांची पुढील मासिके. यांपैकी ‘नवल’ हे नावाप्रमाणेच विलक्षण, चमत्कृतिपूर्ण आणि भयप्रद कथांना वाहिलेले होते. अनंतरावांनंतर आनंद अंतरकर यांनी हे काम दीर्घकाळ सांभाळले आणि ही नियतकालिके पुढे प्रामुख्याने दिवाळी अंकांच्या रूपाने वाचकांपर्यंत पोहोचत राहिली.

प्रकाशनाचे हे स्वरूप कथेच्या घडणीतही उतरले. मासिकातील कथेला पृष्ठमर्यादा असते. भयाचे वातावरण थोडक्या वाक्यांत उभे करावे लागते आणि शेवटच्या परिच्छेदात धक्का द्यावा लागतो. मराठी गूढकथेच्या ‘शेवटच्या कलाटणी’वर समीक्षकांनी यांत्रिकतेचा आक्षेप घेतला आहे. तो काही प्रमाणात योग्यही आहे. परंतु ही कलाटणी जशी लेखकाच्या मर्यादेतून येते तशीच छापील जागेच्या मर्यादेतूनही येते, हे लक्षात घेतल्याशिवाय आक्षेपाचे मोल ठरविता येणार नाही.

धारप आणि मतकरी : दोन वाटा

नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कथाविश्वात अशुभ शक्ती बाहेरून येते. जुना वाडा, बंद खोली, विस्मृत पंथ यांतून ती मध्यमवर्गीय घरात शिरते. तिच्या निवारणासाठी ‘समर्थ’ या मार्गदर्शक पुरुषाची योजना धारपांनी केली. भाषा साधी, निवेदन थेट आणि संघर्ष शुभाशुभाचा, अशी ही मांडणी आहे.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी ‘गूढकथा’ ही संज्ञा आग्रहाने वापरली. भय उत्पन्न करणे हे त्यांच्या कथेचे अंतिम प्रयोजन नाही. मनात दडपलेले अपराध, नात्यांतील क्रौर्य, माणसाला स्वतःविषयी नसलेले ज्ञान यांच्याकडे ती वळते. येथे अशुभ आतून येते. मतकरींच्या बालरंगभूमीवरील कार्याची, तसेच ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमाची दखल गांभीर्याने घेतली जाते, गूढकथेची मात्र तशी घेतली जात नाही. घराच्या नजरेआड ढकललेल्या माणसाकडे पाहणे हे दोन्ही ठिकाणचे समान सूत्र आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

धारपांवरील नेहमीचा आक्षेप परकीय आधारांचा आहे. ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे, हे आता सर्वज्ञात आहे. पण रूपांतर म्हटल्याने समीक्षेचे काम संपत नाही. किंग यांच्या कादंबरीतील फादर कॅलाहन याची श्रद्धा ऐन कसोटीच्या क्षणी डळमळते आणि हातातील क्रूस निष्प्रभ होतो. ख्रिस्ती धर्मसंस्थेवर उभा असलेला हा प्रसंग मराठी वाचकासाठी लिहिताना क्रूसाच्या जागी काय ठेवावयाचे, हा केवळ भाषांतराचा प्रश्न नव्हे. धारपांच्या समर्थकथा एकत्र वाचल्या तर त्यांचे उत्तर गुरुपरंपरेच्या दिशेने जाते, असे दिसते. तेथे धर्मसंस्थेपेक्षा व्यक्तीची साधना महत्त्वाची ठरते. या अंगाने तौलनिक अभ्यास होणे आवश्यक आहे.

वाचनालयातील आयुष्य

हे साहित्य टिकले ते मुख्यतः वाचनालयांत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. डोंबिवलीत खाजगी वाचनालयांचीही परंपरा आहे. याच परिसराने २०१० मध्ये ठाणे येथे आणि २०१७ मध्ये डोंबिवली येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले. लोकलच्या प्रवासात वाचण्याजोगे पुस्तक मासिक वर्गणीत घरी नेणारा नोकरदार वाचक हा गूढकथेचा मोठा आधार होता.

परंतु येथे एक विसंगती दिसते. जे पुस्तक सर्वाधिक फिरते तेच आधी फाटते. पाने सुटलेले पुस्तक निर्लेखनाच्या यादीत जाते आणि त्याच्या जागी नवी आवृत्ती मिळाली नाही तर शीर्षकच नोंदवहीतून नाहीसे होते. न वाचला गेलेला ग्रंथ मात्र कपाटात सुस्थितीत राहतो. म्हणजे वाचनालयातील आजचा शिल्लक साठा पाहून कालच्या वाचकाची आवड ठरवू गेल्यास निष्कर्ष नेमका उलटा निघण्याचा संभव असतो. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे. पण कायद्याचे पालन प्रकाशकाच्या दक्षतेवर अवलंबून असते आणि स्वस्त कागदावर अल्पावधीत विकली जाणारी पुस्तके काढणाऱ्याकडून ती दक्षता नेहमीच राखली जाते असे नाही.

पुनर्मुद्रणाचे स्वागत आणि अपेक्षा

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील साकेत प्रकाशनाने धारपांची अनेक पुस्तके पुन्हा उपलब्ध केली. रोहन प्रकाशनाने अर्नाळकरांच्या निवडक रहस्यकथा नव्या पिढीसमोर ठेवल्या. मुंबई-पुण्याच्या बड्या साहित्यिक वर्तुळाने जे काम आपले मानले नाही ते इतरांनी अंगावर घेतले, ही बाब नोंदविली पाहिजे.

या पुनरागमनास चित्रपटाचेही साहाय्य झाले. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुनःप्रदर्शित झाला तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. मित्राने ऐकविलेल्या धारपांच्या एका कथेतून या चित्रपटाचे बीज पडले, असे बर्वे यांनी सांगितले आहे. चित्रपटाचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या मान्यताप्राप्त कादंबरीची आठवण देते. अभिजात मानलेल्या कादंबरीकडून नाव आले आणि रंजनपर मानलेल्या कथेकडून आशयाचे बीज आले. ती कथाही छापील पृष्ठावरून नव्हे, तर एकाने दुसऱ्यास सांगितल्यामुळे पोहोचली. ग्रंथव्यवहाराने सांडलेले साहित्य मौखिक परंपरेने उचलल्याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

या संदर्भात अमेरिकेतील एक दाखला उद्बोधक ठरावा. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथा ‘वीअर्ड टेल्स’ (स्थापना १९२३) सारख्या स्वस्त मासिकांत विखुरलेल्या होत्या. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ऑगस्ट डर्लेथ व डोनाल्ड वॉन्ड्री यांनी १९३९ मध्ये ‘आर्कहॅम हाउस’ ही छोटी प्रकाशनसंस्था केवळ त्या कथा जपण्यासाठी काढली. पहिल्या संग्रहाच्या १,२६८ प्रती छापल्या होत्या. २००५ मध्ये लव्हक्राफ्ट यांचा समावेश ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ या प्रतिष्ठित मालेत झाला. मात्र छोटा प्रकाशक जपतो तसा बिघडवूही शकतो. डर्लेथ यांनी लव्हक्राफ्ट यांच्या टिपणांवरून स्वतः कथा रचून त्या संयुक्त नावाने प्रसिद्ध केल्या. छापील संहितांतही चुका राहिल्या होत्या. हस्तलिखितांशी ताडून त्या संहिता १९८० च्या दशकात शुद्ध केल्या त्या पुण्यात जन्मलेल्या सुनंद त्र्यंबक जोशी यांनी, आणि त्या आर्कहॅम हाउसनेच प्रसिद्ध केल्या. पुण्यात जन्मलेल्या अभ्यासकाने परभाषेतील भयकथाकारासाठी केलेले हे कार्य पुण्याच्याच धारपांसाठी मराठीत व्हावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

त्यासाठी पुनर्मुद्रणाकडून किमान तीन गोष्टी हव्यात. पहिली, प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि नियतकालिकाचे नाव. दुसरी, परकीय आधार असल्यास त्याचा स्पष्ट निर्देश. तिसरी, संहितेत केलेल्या बदलांची नोंद. यांपैकी वर्षाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. एखादी धारपकथा १९७५ पूर्वीची असल्याचे सिद्ध झाले, तर तिच्यातील कल्पना त्या वर्षी आलेल्या किंगच्या कादंबरीतून घेतल्याचा संशय आपोआप दूर होतो. वर्ष न छापल्यास ‘लुचाई’वरील आक्षेप लेखकाच्या सर्व वाङ्मयाला चिकटतो. म्हणजे या वगळण्याची झळ प्रथम धारपांनाच बसते. प्रकाशनवर्षाला मराठीत किती वजन असू शकते हे जी. ए. कुलकर्णी यांच्या उदाहरणावरून दिसते. ‘काजळमाया’ला १९७३ मध्ये मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी पुस्तकाच्या प्रकाशनतारखेविषयी वाद उपस्थित झाल्याने परत केला. जी तारीख तेथे पुरस्काराइतकी मोलाची ठरली ती गूढकथेच्या बाबतीत गौण का मानावी?

निष्कर्ष

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क कायम राहतो. धारपांचे वाङ्मय २०६८ अखेरपर्यंत आणि मतकरींचे २०८० अखेरपर्यंत वारसदार व प्रकाशक यांच्याच हाती राहील. तोवर थांबल्यास मूळ अंक व पहिल्या आवृत्त्या उरणार नाहीत. म्हणून काम आताच सुरू करावयास हवे आणि ते महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. ठाणे ते कल्याण पट्ट्यातील मराठी विभागांनी पदव्युत्तर प्रकल्पांतून स्थानिक वाचनालयांतील ‘नवल’चे अंक, दिवाळी अंक आणि निर्लेखनाच्या यादीतील पुस्तके यांची वर्षवार सूची करावी. निर्लेखनापूर्वी शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र घेण्यास खर्च येत नाही. अशी सूची हाती आली म्हणजे गूढकथा श्रेष्ठ की कनिष्ठ, हा वाद पुराव्यानिशी घालता येईल. सध्या तो केवळ आठवणींवर घातला जात आहे.