पाणी फुटले की साखर जळाली?

सूर्यप्रकाश, पाणी आणि वनस्पतींपासून केलेली पूड एवढ्यावर हायड्रोजन तयार होतो, अशा आशयाच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचनात येतात. या संशोधनाला आमचा विरोध नाही. आक्षेप आहे तो त्याबद्दल बोलण्याच्या रीतीला. जेथे पाणी फुटत नाही तेथेही ‘पाण्याचे विघटन’ म्हटले जाते आणि ऊर्जा कोठून आली हा मूळ प्रश्नच झाकला जातो.

आधी तत्त्व पाहू. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखवले. अशा अर्धवाहकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे धनभारित पोकळी उरते. इलेक्ट्रॉनने हायड्रोजन घडवायचा आणि पोकळीने पाण्यातून ऑक्सिजन काढायचा. यातले अवघड काम पोकळीचे, कारण ऑक्सिजनचा एक रेणू होण्यासाठी पाण्याकडून चार इलेक्ट्रॉन घ्यावे लागतात. शिवाय टिटॅनियम डायऑक्साइड केवळ अतिनील किरण शोषतो आणि उन्हातील ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. म्हणून दृश्य प्रकाश शोषणाऱ्या, स्वस्त पदार्थांचा शोध सुरू झाला आणि संशोधकांची नजर वनस्पतींकडे वळली.

पण ‘वनस्पतिजन्य’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली, पानांच्या अर्काच्या साहाय्याने उत्प्रेरकाचे कण बनवणे. यात काही रसायने वाचतात, परंतु ऊर्जेचा हिशेब बदलत नाही. दुसरी, हरितद्रव्य किंवा वनस्पतींपासून केलेला कोळसा उत्प्रेरकाच्या जोडीला घेणे. जिवंत पानात उजेडाने बिघडलेले भाग सतत बदलले जातात. बाटलीतल्या हरितद्रव्याला ती सोय नाही. तिसरी, वनस्पतीचा पदार्थच पाण्यात मिसळून पोकळीला खाऊ घालणे. खरा घोटाळा येथे होतो.

१९८० साली कावाई आणि साकाता यांनी साखर, स्टार्च व सेल्युलोज यांपासून प्रकाशाच्या मदतीने हायड्रोजन मिळवला. २०१७ मध्ये केंब्रिज येथील एर्विन राइस्नर यांच्या गटाने लाकूड आणि कागद तीव्र क्षारात घालून, कॅडमियम सल्फाइडच्या कणांवर तेच साधले. दोन्ही कामे महत्त्वाची आहेत. मात्र येथे पोकळी पाण्याला नव्हे, साखरेला ऑक्सिडाइज करते. हिशेब मांडून पाहा. एक मोल ग्लुकोज जाळल्यास सुमारे २,८७० किलोजूल मुक्त ऊर्जा मिळते. त्याच ग्लुकोजपासून जास्तीत जास्त १२ मोल हायड्रोजन मिळेल आणि त्याची मुक्त ऊर्जा १२ × २३७, म्हणजे सुमारे २,८४५ किलोजूल. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच! हायड्रोजनमधील ऊर्जा साखरेत आधीच होती. ती शेतात, प्रकाशसंश्लेषणाने साठवली गेली. प्रयोगशाळेतल्या प्रकाशाने क्रिया घडवून आणली, नवा साठा जवळपास केला नाही. टाकाऊ काडीकचऱ्याचा हा उपयोग चांगला आहे, पण त्याला पाण्याचे विघटन म्हणू नये.

साखरेऐवजी ट्रायइथेनॉलअमाइन वापरले तर गोष्ट आणखी विचित्र होते. २००९ साली कार्बन नायट्राइड हा धातुविरहित उत्प्रेरक प्रसिद्धीस आला, तेव्हा हायड्रोजनच्या प्रयोगात हेच द्रव्य होते आणि जोडीला प्लॅटिनम. लेखकांनी ते स्पष्ट लिहिले होते. पुढच्या बातम्यांतून ते गळते. ट्रायइथेनॉलअमाइन अमोनियापासून बनते आणि अमोनिया हायड्रोजनपासून, जो आजही बहुतांशी नैसर्गिक वायू व कोळशातून काढला जातो. हायड्रोजन खर्चून हायड्रोजन मिळवायचा, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरा आक्षेप आकड्यांवर. ‘एका ग्रॅममागे ताशी १,००० मायक्रोमोल’ हे ऐकायला भरघोस वाटते. वजनात ते होतात २ मिलिग्रॅम. एक किलो हायड्रोजनसाठी १०० किलो उत्प्रेरक पाच तास उन्हात ठेवावा लागेल, तोही प्रत्येक कणाला पुरेसा प्रकाश मिळाला तर. खरे माप एकच: पडलेल्या सौर ऊर्जेपैकी किती टक्के हायड्रोजनमध्ये उतरली? जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरच्या तावदानांवर खरेखुरे पाणी फोडले. २०२१ मध्ये त्यांनी दिलेला कमाल आकडा ०.७६ टक्के होता. दिवसाला चौरस मीटरमागे ५ किलोवॅट-तास ऊन धरले, तर या दराने सव्वा ग्रॅमहून थोडा कमीच हायड्रोजन मिळेल. तेवढ्याच जागेतील २० टक्के क्षमतेचे सौर पॅनेल आणि विद्युत अपघटन यांतून १८ ग्रॅमच्या आसपास मिळू शकतो. डोमेन यांचा आकडा लहान असला तरी प्रामाणिक आहे, म्हणून आम्हाला तो मोठा वाटतो.

तेव्हा असा प्रकल्प समोर आला, तर शिक्षकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. ऑक्सिजन निघाला का, आणि हायड्रोजनच्या निम्म्या प्रमाणात का? पाण्याखेरीज काय खर्च झाले? दिवा कोणता होता, की खरे ऊन होते? उत्प्रेरक किती दिवस टिकला? उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही, ही व्याख्या आपण शाळेतच शिकवतो. ती येथे लावून पाहिली तरी अर्धे दावे आपोआप गळून पडतील आणि जे उरतील ते खरोखर शिकवण्याजोगे असतील.